लस टोचली, पण लागू पडली का? कुत्र्या-मांजरांचे साथीचे आजार, आखाड्यापासून फ्लॅटपर्यंत

आमचा पहिला वाघ्या नऊ आठवड्यांचा असताना पार्व्होनं, म्हणजे रक्ताच्या हागवणीच्या विषाणूनं गेला. लस दिलेली होती. कार्ड अजून माझ्याकडं आहे: तारीख, बाटलीवरून काढून चिकटवलेलं लेबल, सही, सगळं जागच्या जागी. फक्त ती लस सहाव्या आठवड्यात दिलेली होती, पहिली आणि एकुलती एक. शिवाय बाटली मी परभणीहून मे महिन्यात पर्समध्ये टाकून एसटीनं गावाकडं नेली होती. दीड तासाचा प्रवास, खिडकीतून नुसत्या झळा. दोन्हींपैकी कुठल्या चुकीनं पिल्लू गेलं ते आता कळायचं नाही. दोन्ही माझ्याच.

पुढं गल्लीत, शाळेत, गावाकडं कुणी पिल्लू आणलं की विचारायला माझ्याकडं यायला लागले. पिल्लू आजारी पडल्यावर येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, इंजेक्शन तर दिलं व्हतं की." टोचणं आणि लागू पडणं यांच्या मधे बरंच काही घडतं किंवा बिघडतं, ते इथं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची मात्रा या लेखात सापडणार नाही, ती पिल्लाचं वजन आणि तब्येत बघून पशुवैद्यकानंच ठरवायची.

आधी वय काढा

आखाड्यावरून म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, उकिरड्यावरून किंवा कुणाच्या तरी पिशवीतून आलेल्या पिल्लाचं वय विचारलं की उत्तर येतं, "असंल महिना-दीड महिन्याचं." लसीचं सगळं गणित आठवड्यांवर चालतं, त्यामुळं हा अंदाज पुरत नाही. तोंड उघडून बघा. डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसायला लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक सगळे येतात, सुईसारखे. पुढचे दुधाचे दात पडून रुंद, पक्के दात येत असतील तर पिल्लू साडेतीन-चार महिन्यांच्या पुढचं आहे.

मग जंताचं औषध. कुत्रीच्या पोटातले जंत पिल्लात गर्भातूनच येतात, दुधातूनही येतात, म्हणून "अजून बाहेरचं काही खाल्लंच नाही" याला अर्थ नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांचं झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, नंतर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते आणि वजन अंदाजानं सांगू नये. आमच्याकडं पिल्लू पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवतात. दुकानदार आधी नाक मुरडतो, मग स्वतःच आकडा मोठ्यानं वाचतो.

पिल्लू खेळतंय, खातंय, ताप नाही, तर लस टोचायला हरकत नाही. नाक ओलं की कोरडं यावरून ताप कळत नाही. गुदद्वारात थर्मामीटर लावून १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट आलं तर ठीक. आपल्याला जो ताप वाटतो ते त्यांचं रोजचं तापमान.

चिकाची शिदोरी

गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कुत्री-मांजरींचंही तेच. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाला ओळखून अडवणारी प्रथिनं, गर्भातून पिल्लाला थोडीच मिळतात. बाकी सगळी चिकातून, आणि तीही पहिल्या २४ तासांतच. त्यानंतर पिल्लाचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेत नाही.

ही आईनं बांधून दिलेली शिदोरी. ती सरत जाते. पार्व्होविरुद्धची प्रतिपिंडं साधारण नऊ-दहा दिवसांनी निम्मी होतात, आणखी तितक्या दिवसांनी त्याची निम्मी. गोम अशी की शिदोरी शिल्लक असेपर्यंत पिल्लाचं शरीर स्वतः रांधायला शिकत नाही. लसीतला कमजोर केलेला विषाणू आत गेला की आईची प्रतिपिंडं त्यालाही खरा शत्रू समजून संपवतात. टोचलेलं वाया जातं, कार्डावर मात्र नोंद राहते.

त्याहून वाईट म्हणजे मधे दोन-तीन आठवडे असे येतात, की उरलेली शिदोरी खऱ्या विषाणूला अडवायला कमी पडते आणि लसीला अडवायला मात्र पुरते. हे आठवडे कुठल्या पिल्लाला कधी येतील ते बाहेरून बघून सांगता येत नाही. आई लसवलेली आणि पिल्लू भरपूर प्यालेलं असेल तर उशिरा, आई गेलेली आणि पिल्लू वरच्या दुधावर असेल तर लवकर. काहींत आठव्या आठवड्यातच शिदोरी संपते, काहींत सोळाव्यापर्यंत टिकते. म्हणून एकच डोस देऊन भागत नाही. पुन्हा पुन्हा द्यायचा, म्हणजे त्यातला एक तरी मोकळ्या जागी पडतो.

आता ओळखीच्या प्रत्येकाला मी सांगते: पहिले दोन डोस चुकले तर रडू नका, पण सोळाव्या आठवड्यानंतरचा डोस चुकवू नका. तो खरा डोस. लोक नेमकं उलटं करतात. पहिल्याला हौसेनं नेतात, तिसऱ्याच्या वेळी सोयाबीनची काढणी असते.

तारखा अशा लावा

कुत्र्याला डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस यांची एकत्रित लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते. मग दर तीन-चार आठवड्यांनी, वयाचे १६ आठवडे पुरे होईपर्यंत किंवा त्याच्या थोडं पुढं. साधं उदाहरण: ८, १२, १६. पुढचा एक डोस सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं झाल्यावर. त्यानंतर या तीन रोगांसाठी तीन वर्षांचं अंतर चालतं असं जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडं बरेच डॉक्टर दरवर्षी देतात, कारण त्याच बाटलीसोबत लेप्टोची, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची लस असते आणि ती वर्षभरच टिकते. यावर डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. आपल्यासारख्या धोक्याच्या भागात दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस देणं चांगलं, मग दरवर्षी. टोचल्यावर संरक्षण यायला तीन-चार आठवडे जातात. सकाळी रेबीजची लस देऊन संध्याकाळी कुत्रं रानात मोकळं सोडणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं.

तिसरा डोस होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवायचं का? नाही. तीन ते चौदा आठवड्यांचं वय माणसांशी, आवाजांशी ओळख होण्याचं असतं. त्या काळात कोंडलेलं कुत्रं पुढं भित्रं नाही तर चावरं निघतं. कडेवर घेऊन फिरवा, लसवलेल्या कुत्र्यांशी खेळू द्या. फक्त रस्त्याच्या कडेची माती, उकिरडा आणि दवाखान्याची फरशी टाळा. दवाखान्यात पिल्लू मांडीवरच ठेवायचं. ज्या फरशीवर सकाळी पार्व्होचं पिल्लू हगलं, तिथं दुपारी तुमचं निरोगी पिल्लू नाक घासतं.

बाटलीची जपणूक

लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२ असतं. दुकानातून घेणार असाल तर फ्रिज बघा, आणि वीज गेल्यावर काय करता तेही विचारा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

नेताना रुंद तोंडाचा थर्मास घ्या. तळाशी बर्फ, त्यावर चार पदरी वर्तमानपत्र, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली. बर्फाला थेट चिकटू द्यायची नाही, कारण रेबीज आणि लेप्टोच्या लसी गोठल्या तरी निकामी होतात. उन्हाप्रमाणं बर्फही मारतो, हे कुणी सांगत नाही. पहाटेची गाडी पकडा.

एकत्रित लसीच्या दोन बाटल्या असतात: एकीत सुकी पांढरी वडी, दुसरीत पाणी. ती तुमच्यासमोर मिसळायला सांगा आणि मिसळल्यावर लगेच टोचून घ्या. "सकाळीच कालवून ठेवलीय" असं ऐकलं तर उठून या. लेबल कार्डावर चिकटवून घ्या, मुदत वाचा. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. तोंड सुजणं, उलट्या, धाप असं क्वचित होतं, पण झालं तर डॉक्टर जवळ हवेत.

पार्व्हो आलाच तर

हा विषाणू १९७८ मध्ये उगवला आणि दोनेक वर्षांत जगभर गेला. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाचा तो जवळचा नातलग. शरीरात जिथं पेशी भराभर वाढतात तिथंच तो घुसतो: आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. आतडं सोलून निघतं म्हणून रक्ताची हागवण, आणि मगज बसतो म्हणून पांढऱ्या पेशी कोसळतात. लढाईच्या दिवशीच सैन्य गायब. पिल्लू बऱ्याचदा पार्व्होनं नाही, तर आतड्यातले जंतू रक्तात उतरून आणि पाणी आटून मरतं.

आदल्या दिवशी खेळणारं पिल्लू कोपऱ्यात बसतं, खात नाही, मग फेसाळ पिवळी उलटी, मग हागवण. तिचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही, गोडसर आणि कुजका एकत्र. या टप्प्यावर "उद्या बघू" म्हणायचं नाही. हिरडीवर बोट दाबून सोडा: पांढरा ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला नाही, मानेची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर तशीच उभी राहिली, तर पाणी खूप गेलंय. सलाईन शिरेतून लागतं. उलटी थांबवायचं इंजेक्शन, जंतूंसाठी प्रतिजैविक आणि उलटी आवरल्यावर थोडं थोडं खाणं, यावर बरीच पिल्लं वाचतात. उलटी चालू असताना तोंडानं दूध, ताक, इलेक्ट्रॉल ओतू नका. फुप्फुसात गेलं तर दुसरं संकट. माणसांची जुलाब बंद करायची गोळी तर अजिबात नाही. गावात सोय नसेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याची वाट लवकर धरा.

मागं राहिलेलं घर हा वेगळाच विषय. विषाणू मातीत महिनोन्‌महिने, सावलीत वर्षभर तग धरतो. फिनाईलनं त्याचं काही बिघडत नाही, सॅनिटायझरनंही नाही. आधी घाण पूर्ण काढून साबणानं धुवा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून फरशीवर दहा मिनिटं राहू द्या. ताटली, साखळी, चपलांचे तळवे, सगळं. अंगण मातीचं असेल तर वर्षभर तरी लस पुरी न झालेलं पिल्लू तिथं आणू नका. वाघ्यानंतर आम्ही दोन महिन्यांतच दुसरं आणलं होतं, सारवलेल्या ओट्यावर. त्याचं पुढं काय झालं ते लिहीत नाही.

डिस्टेंपरचा विषाणू उलट नाजूक, ऊन आणि साबण त्याला पुरतात. पण आजार वाईट. डोळ्यांतून चिकटा, खोकला, मग कधी कधी आठवड्यांनी झटके, एखादा पाय किंवा जबडा सतत उडत राहणं. त्यावर नेमकं औषध नाही, लसच.

गोचीड: इथं लस नाही

मराठवाड्यातल्या कुत्र्यांचा खरा बारमाही शत्रू गोचीड. तिच्यातून एर्लिकिया, बबेसिया, हेपॅटोझून असे रक्तातले जंतू येतात. आपल्याकडं यांवर वापरात लस नाही, आणि एकदा होऊन गेल्यावर भरवशाची प्रतिकारशक्तीही येत नाही. पुन्हा गोचीड, पुन्हा ताप.

कुत्र्याची तपकिरी गोचीड गाईच्या गोचिडीहून वेगळी. तीन वेळा अंगावर चढते, तीन वेळा उतरते, आणि मधला काळ घरात काढते. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीवर चढते. संध्याकाळी टॉर्च घेऊन बघा: बाजेच्या विणीत, चौकटीच्या फटीत, माळवदाच्या तुळईखाली, कॅलेंडरच्या मागं. एक मादी हजारो अंडी घालते. म्हणून "कुत्र्याला पावडर लावली तरी गोचिडी होतातच" ही तक्रार खरी असते. कुत्रं धुतलं, घर राहिलं.

रोज पाच मिनिटं हात फिरवा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. बबेसिया अंगात सोडायला गोचिडीला दिवस-दोन दिवस लागतात, एर्लिकियाला काही तासच. म्हणजे "रविवारी काढू" उपयोगाचं नाही. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही, बोटांनी फोडायची नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाका. अंगावरच्या बंदोबस्ताला मानेवर टाकायचं फिप्रोनिल किंवा गोळीतलं फ्लुरालॅनर, जे बारा आठवडे पुरतं. घराच्या फटी सिमेंटनं बुजवा, अंथरूण गरम पाण्यात घाला. गोठ्यातलं गोचिडीचं औषध कुत्र्यावर अंदाजानं ओतू नका. आणि मांजर घरात असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही आणू नका. मांजराला ते विष आहे, ते लावलेल्या कुत्र्याला मांजर चाटलं तरी.

ताप, सुस्ती, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त: एर्लिकिया मनात धरून रक्ताची तपासणी करा, प्लेटलेट उतरलेल्या दिसतील. लघवी काळ्या चहासारखी: बबेसिया, त्याचं औषध वेगळं. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन २८ दिवस देतात. तिसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि पाचव्या दिवशी मालक गोळ्या बंद करतो. पुढं महिन्यांनी तोच कुत्रा हाडांचा सापळा होऊन परत येतो.

जाता जाता खाण्याचं. नुसत्या भाकरी-दुधावर प्रतिपिंडं बनत नाहीत, त्यांना प्रथिनं लागतात. अंडं, चिकन, उकडलेली डाळ वाढा. कालवणातला कांदा देऊ नका, तो लाल पेशी फोडतो. दुकानात "इम्युनिटी"च्या नावाखाली मिळणाऱ्या पातळ टॉनिकांवर माझा विश्वास नाही. तेवढ्या पैशात अंडी येतात.

पिसाळलेलं

रेबीजचं कुत्रं दर वेळी धावून येतंच असं नाही. काही गप्प होतात: आवाज घोगरा, जबडा लोंबलेला, लाळ, गिळता येत नाही. "घशात हाड अडकलंय" म्हणून माणूस तोंडात हात घालतो आणि तिथंच घात होतो. रवंथ थांबलेल्या बैलाच्या बाबतीतही हेच घडतं. हात घालण्याआधी डॉक्टर.

माणसाला चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं तर नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. चुना, तिखट, हळद, तेल काही नाही. मग सरकारी दवाखाना: कातडीत देतात ती लस ०, ३, ७, २८ या दिवशी, दंडात देतात ती ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. ती तयार प्रतिपिंडंच, चिकासारखी उसनी, लसीची स्वतःची येईपर्यंतची. चावणारं कुत्रं बांधून दहा दिवस बघायचं असतं, पण लस त्यासाठी थांबवायची नसते.

आपल्या लसवलेल्या कुत्र्याला पिसाळलेलं चावलं तर जखम धुवा, लगेच बूस्टर, म्हणजे लसीचा वाढीव डोस द्या आणि ४५ दिवस नजरेखाली ठेवा. लस नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं चार महिने वेगळं. गल्लीतल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस असली तर साखळी तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. आमच्या गल्लीत आम्ही वर्गणी काढतो, गणपतीच्या वर्गणीपेक्षा अवघड जाते.

पावसाळ्यात लेप्टो: उंदराच्या मुतानं दूषित झालेलं डबकं, मग ताप, कावीळ. माणसालाही होतो. आजारी कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला.

मांजर म्हणजे लहान कुत्रं नव्हे

मांजराला तीन रोगांची एकत्रित लस ८, १२, १६ आठवड्यांना, आणि रेबीज वेगळी. पॅनल्यूकोपेनिया पार्व्होसारखाच, ब्लीचचा नियमही तोच. फिनाईल मात्र मांजराच्या घरात नकोच, पंजे चाटून ते पोटात जातं. सर्दीत मांजराला वास येत नाही, म्हणून ते खात नाही. नाक ओल्या कापसानं पुसा, मासा किंवा चिकन कोमट करून द्या. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतावर चरबी साचते, तेव्हा वाट बघू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

बोक्यांच्या भांडणातून चाव्यावाटे एफआयव्ही हा विषाणू पसरतो. तो प्रतिकारशक्तीच पोखरतो. खच्चीकरण केलं की भांडणं कमी. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराची घाण दुसऱ्यानं, रोजच्या रोज काढावी. त्या घाणीतून टोक्सोप्लाझ्मा हा गर्भाला धोक्याचा परजीवी येऊ शकतो. त्याची अंडी बाहेर पडल्यावर दिवस-पाच दिवसांनी लागण करण्याजोगी होतात.

डॉक्टरांना फोन करण्याआधी एका कागदावर हे लिहून घ्या: वय आठवड्यांत, वजन, कुठली लस कुठल्या तारखेला, शेवटचं जंताचं औषध, तापमान, हिरडीचा रंग, गोचीड दिसली का, शेवटचं कधी खाल्लं. उलटी आणि विष्ठेचा फोटो काढून ठेवा, लाजू नका. आणि निघताना लसीचं कार्ड घ्या, ते फ्रिजवर राहतं.